उंबरगळच्या वाकळेचा काठ

उंबरगळ गावाची हद्द भिंतीवर टांगलेल्या वाकळेला जोडलेली आहे, त्यामुळे वाकळेची कड सुटली की गाव उसवतं. आणि ती कड सुटू नये म्हणून तिला कापडाचा गोट घालायचा तो सरळ पट्टीचाच घालायचा, का म्हणून विचारायचं नाही.

प्रणोती चौगुलेला हा नियम पाढ्यांच्या आधी पाठ झाला होता. लहानपणी तिने एकदाच "का?" म्हटलं, तेव्हा आईने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि शेजारची काकू हातातली परात तिथेच टाकून घरी निघून गेली. पुढे कोल्हापूरला कॉलेजात तिने पुष्कळ गोष्टींना का म्हणून विचारलं आणि काहींची उत्तरं तिला मिळालीही. गोटाविषयी मात्र तिथे कुणाला काही सांगता आलं नाही. त्यांच्या गावांच्या हद्दी दगड रोवून दाखवलेल्या होत्या.

वाकळ ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होती, अख्खी भिंत भरून. गावात जितकी घरं तितकी तिच्यात ठिगळं. नवं घर बांधायचं तर आधी ठिगळ जोडायचं, मग पाया खणायचा. ठिगळ न जोडता कुणी बांधायला घेतलंच, तर रचलेल्या विटा आपणहून उतरून पुन्हा ट्रॉलीत जाऊन बसत. तलाठी मोजणीला आला की टेप घेऊन थेट हॉलमध्ये येई, स्टुलावर चढून भिंत मोजी, चहा घेई आणि जाई. शिवारात त्याला कुणी कधी पाहिलेलं नव्हतं.

वाकळ चौकोनी नव्हती, कारण गाव चौकोनी नव्हतं. मागल्या गोटानंतर घरं वाढत गेली तसं ओढ्याच्या अंगाला तिचं पोट सुटलं होतं. खाण वाढली तशी तिथे ती आत गेली होती. आणि तळाच्या उजव्या कोपऱ्यात एक हिरवं ठिगळ जिभेसारखं बाहेर आलं होतं, तीन बाजूंनी उघडं. ते प्रणोतीच्या सगुणा आत्तीचं घर.

त्या उन्हाळ्यात जुना गोट विरला. आधी ओढ्याकडच्या परड्यांचे धागे निघू लागले. लोक सकाळी उठून उंबऱ्याचे लोंबते धागे दातांनी तोडत आणि मग चूळ भरत. शेवाळ्यांची म्हैस शेपटीकडून उसवायला लागली, तेव्हा शेवाळ्यांनी शेपटीला गाठ मारली. म्हैस दूध देत राहिली. एस.टी.चा कंडक्टर वेशीवर खाली उतरून पुढची जमीन पायाने चाचपून बघे आणि मगच ड्रायव्हरला हात करी.

तेव्हा काठ समितीची बैठक बसली. समितीत तिघे होते: अध्यक्ष रावजी आण्णा, बाळकू तात्या आणि प्रणोतीचे वडील, ज्यांना ती आबा म्हणे. तिघांचीही घरं वाकळेच्या मधोमध होती. समितीवर यायची तीच अट होती. गोट घालायचं काम गावातल्या मुलीचं, आणि जिने पहिला टाका घातला तिनेच शेवटचा घालायचा, मध्ये हात बदलायचा नाही. आजवर हे काम हौसाक्का करत आल्या होत्या. आता त्यांच्या डोळ्यांत सारा वाढला होता आणि सुई कुठली, दाभणही दिसत नव्हतं.

प्रणोतीला बोलावणं आलं.

"कालिजात शिकलीयस. नदर चांगली हाय, चष्मा न्हाई," आण्णा म्हणाले. "ठराव झालाय."

"मला कुणी विचारलं?"

"ठरावात विचारायचं कलम न्हाई."

"मग कलम घाला."

"त्याला येगळा ठराव लागंल," तात्या म्हणाले, "आन त्यो गोट झाल्याबिगर मांडता येत न्हाई."

तिने आबांकडे पाहिलं. आबा हॉलच्या छपराकडे बघत होते. तिघेही एका लांबलचक गादीवर बसले होते. ती गादी कातरणांनी भरलेली होती. दरवेळी गोट घालताना वाकळेचे जे तुकडे कापून पडत, ते टाकून कसे द्यायचे म्हणून त्या गादीत भरले जात. आण्णांनी मांडी बदलली की गादीतून कुणी तरी खाकरल्यासारखा आवाज येई. कधी एखादं दार वाजे. तात्यांना त्यावर बसल्याशिवाय पाठीला आराम पडत नसे.

दुसऱ्या दिवशी हौसाक्का काम दाखवायला आल्या. भिंतीला हात लावत, बोटांनी कड चाचपत त्या डावीकडून उजवीकडे सरकत होत्या.

"हितनं धरायचं, शाळंच्या कोपऱ्याकडनं. तळाची कड सरळ हाय, पट्टी भराभरा जाती. कड पट्टीत घालायची, दुमडायची, बारीक टाका घ्यायचा." त्यांचा हात हिरव्या ठिगळापाशी आला आणि थांबला. "हितं पट्टी वळत न्हाई."

"मग?"

"जितं पट्टी वळत न्हाई, तितं वाकळ कापायची. कड सरळ झाली की पट्टी पुढं जाती."

"हौसाक्का, हे आत्तीचं घर आहे."

"कुनाचं का आसंना. कापताना डोळं झाकायचं न्हाईत एवढं ध्यानात ठेव, न्हाईतर शेजारचंबी जातंय."

प्रणोती भडकली. "पट्टी वळत नाही, कारण तुम्ही ती सरळ धाग्यात काढता. कापड तिरकं धरून उरेप पट्टी कापली तर ती कुठेही वळते. गोल वळते. आतल्या कोपऱ्याला जराशी चीर दिली की तिथेही वळते. हे तुम्हाला माहीत नाही?"

"मला म्हाईत न्हाई?" हौसाक्का दुखावल्या. "आगं, आख्ख्या गावातल्या चोळ्यांचं गळं मी उरेप पट्टीनं शिवल्यात. तुझ्या बारशाचं झबलं कुनी शिवलं? त्याचा गळा काय चौकोनी व्हता?"

"मग वाकळेला का नाही?"

म्हातारीने आपला हात तिच्या तोंडापाशी आणला. दिसत नसल्यामुळे तो हनुवटीवर पडला. "वाकळ म्हंजे चोळी न्हवं," ती हळूच म्हणाली.

प्रणोती तिथून निघाली ती तडक आत्तीकडे गेली. आत्तीच्या घराला गाव एकाच बाजूने लागलेलं होतं. बाकी तिन्ही बाजूंना कड. पूर्वेच्या भिंतीतून झिरमिळ्या सुटल्या होत्या आणि सगुणा आत्ती भिंतीशी पाट टाकून त्या धाग्यांच्या वाती वळत बसली होती.

"आलीस? बस. ह्या भिंतीच्या वाती लई झाक पेटत्यात. तेल कमी पिती भिंत."

"आत्ती, तुला कापायचं ठरतंय."

"मला ठाऊक हाय. माझ्या दाराला पट्टी वळतीया कुठली? मागल्या बारीला गोट घालून झाल्यावर माझं ठिगळ जोडल्यालं, म्हनून वाचले."

नवऱ्याच्या घरून आत्ती एका लुगड्यानिशी निघून आली, तेव्हा प्रणोती पाळण्यात होती. वाकळेच्या मध्ये जागा नव्हती आणि समितीने हात वर केले होते. आत्तीने अंगावरच्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून कोपऱ्यात स्वतःच ठिगळ जोडलं, हे एवढाले टाके घालून. तिच्या सुईत दोरा ओवून दिला होता तिच्या भावाने, आबांनी. आबा तेव्हा समितीवर नव्हते. पुढे प्रणोतीला कोल्हापूरला धाडायचं की नाही यावर घरात खल चालला, तेव्हा हीच आत्ती आबांच्या दारात येऊन बसली आणि पोरगी एस.टी.त बसेपर्यंत उठली नाही.

"तू कुठेतरी निघून जा ना. बेळगावला जा. कोल्हापूरला माझ्या मैत्रिणीकडे जा."

आत्ती हसली. "गनू सुतार गेला व्हता की बेळगावला. हाटेलात चा पीत बसला व्हता म्हनं. हितं कात्री चालली आन तितं गनू न्हाई. गलास तेवढा ऱ्हायला."

"अर्धा?"

"भरल्याला. फुंकर मारत व्हता."

प्रणोतीला रडू येत होतं आणि त्याचा तिला संताप येत होता. "मी उरेप पट्टी घालते. तुझ्या घराला तिन्ही बाजूंनी वळवून घालते. बघच."

"घालशील गं. तुझ्या हातात हाय ते. त्यांच्या डोस्क्यात कोन घालनार?" आत्तीने वळलेली वात मांडीवर सरळ केली. "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई, आन ह्यांचा तर सुंभबी अजून जळल्याला न्हाई. जेवून जा. पिठलं हाय."

गोटाचं कापड म्हणून समितीने मांजरपाटाचा एक ताका आणून हॉलमध्ये ठेवला होता. प्रणोतीने कुणाला न विचारता त्याचं एक टोक तिरकं धरलं, त्यातून पट्टी कापली आणि ओढ्याच्या पोटाला, शेवाळ्यांच्या ठिगळाभोवती, कच्च्या टाक्यांनी घालून टाकली. पट्टी अशी वळली की जणू ती त्या जागेसाठीच विणली होती. एक चुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवाळे दुधाची किटली घेऊन चौगुल्यांच्या दारात आले. परड्याचे धागे सुटायचे थांबले होते. म्हशीच्या शेपटीची गाठ त्यांनी सोडून बघितली होती, शेपटी जागच्या जागी होती. ओढ्याकडचा रस्ता थोडा गोलाईत आला होता आणि सायकल वळवायला बरं पडत होतं.

काठ समिती पाहणीला गेली. आण्णांनी शेवाळ्यांची भिंत काठीने ढोसली. तात्यांनी म्हैस ओढून बघितली. मग तिघे परत येऊन गादीवर बसले.

"घट्ट हाय," आण्णा म्हणाले.

"म्हणजे घालू सगळीकडे?" प्रणोती म्हणाली.

"काम करतंया, त्यात वाद न्हाई. तशी नोंदबी घेऊ. पर नियमात बसत न्हाई."

"नियम कशासाठी आहे? गाव उसवू नये म्हणून ना?"

"नियम सरळ पट्टीसाठी हाय."

तात्या पुढे सरसावले. आपण समजावून सांगितलं की पोरीला पटेल अशी त्यांची खात्री होती. "हे बघ बाळ. उरेप पट्टी ताणती. आज जरा ताणली, उद्या जरा ताणली. आज सगुणाचं घर घेतलं, उद्या त्याच्या फुडं आनि कुनी ठिगळ जोडंल, त्यालाबी पट्टी वळवून घेशील. गाव ताणत ताणत जाईल कुठवर? ह्या पट्टीला न्हाई म्हनायचं ठाऊकच न्हाई."

"आणि सरळ पट्टीने काय होईल?"

"गाव चौकोनी हुईल."

"चौकोनी करून काय करायचंय?"

"घडी चांगली बसती."

"गावाची घडी कशाला घालायची आहे?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर कुणाकडे असायचं हेही ठरलेलं नव्हतं. शेवटी आण्णा म्हणाले, "आमी घातल्याली न्हाई. पर घालायची झाली तर?"

"तात्या, तुमच्या मांडीखाली माणसं खोकतायत," प्रणोती म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "ऐकू येत नाही तुम्हाला?"

"मानसं न्हवं, कातरणं," तात्या शांतपणे म्हणाले आणि जरा सरकून बसले.

शेवाळ्यांच्या कडेचे कच्चे टाके उसवायचा हुकूम झाला. प्रणोतीने हात लावायला नकार दिला, तेव्हा ते आबांनी उसवले. एकेक टाका ते नखाने उचलत होते, ठिगळाला ओरखडा जाऊ नये म्हणून जपून. संध्याकाळपर्यंत म्हैस शिंगांपर्यंत गेली. शेवाळे दावं हातात धरून गोठ्याच्या दारात बसून राहिले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. पाहणी रीतसर झाली होती, हे त्यांनी स्वतः बघितलं होतं.

तात्यांनी त्याच बैठकीत ताका मांडीवर घेतला आणि सरळ धाग्यात कापड फाडायला सुरुवात केली. सरळ पट्टी फाडता येते, कात्रीसुद्धा लागत नाही. टर्र टर्र फाडत, मध्येच यंदा ऊस कारखान्याला कधी जाणार यावर आण्णांशी बोलत, त्यांनी अख्खा ताका संपवला. फाडलेल्या अरुंद पट्टीतून पुन्हा उरेप पट्टी निघत नाही. गोटाच्या ताक्याशिवाय दुसरं कापड चालत नाही. हे त्यांना माहीत होतं, आणि प्रणोतीला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं.

घरी तिने आबांना गाठलं. आबा परसात दाढीचं सामान मांडून बसले होते.

"आबा, आत्तीचं ठिगळ तिथून काढू. आपल्या ठिगळावर शिवू. येऊ दे तिला आपल्या घरात."

"दुहेरी हुतंय."

"होऊ दे."

"मागं एकदा केलं व्हतं तसं. दोन घरं एकात आली." आबांनी गालाला साबण लावला. "दोन चुली एकाच जागी. दोन म्हाताऱ्या एकाच खाटंवर, एकीच्या आत दुसरी. कोन कुनाला हाक मारतंय कळंना. पानी मागितलं तर कुनाच्या तोंडात घालायचं? आठवडाभर चाललं ते, मग त्यांनीच कात्री मागितली."

"तुम्ही सुईत दोरा ओवून दिला होता तिला."

आबांचा वस्तरा गालावर थांबला.

"व्हय," ते म्हणाले. "म्हनून म्हंतो, तूच काप. दुसरीनं कापलं तर दातऱ्या पडत्याल, येडंवाकडं जाईल, तिला तरास हुईल. तुझा हात चांगला हाय. तू कापलंस तर निदान सरळ जाईल सगुणी."

प्रणोतीला वाटलं की आपण काहीतरी फेकून मारावं. हाताशी फक्त साबणाची वाटी होती, आणि आबांचे डोळे भरलेले होते. ती आत निघून गेली. भाकरी करणाऱ्या आईने तिच्यापुढे ताट सरकवलं.

गोटाच्या दिवशी जुना गोट सोडवून काढला. वाकळ चारी बाजूंनी उघडी झाली आणि गावभर एक बारीक सरसर सुरू झाली, पिठाच्या चाळणीसारखी. हॉलच्या खिडक्यांबाहेर माणसं उभी होती. प्रत्येकाने आपल्या घराचं दार धरून बसावं अशी दवंडी दिलेली होती, पण ऐकतो कोण. समिती गादीवर बसली होती. हौसाक्का भिंतीला टेकून होत्या. सगुणा आत्ती दाराबाहेर चप्पल काढून आत आली आणि उंबऱ्याजवळ फतकल मारून बसली.

प्रणोतीने सुईत दोरा एका दमात ओवला आणि शाळेच्या कोपऱ्यात पहिला टाका घातला. तळाची कड सरळ होती. पट्टी दुमडत, बारीक टाके घेत ती पुढे सरकत गेली आणि तिच्यामागे शाळा, पाण्याची टाकी, सोसायटीचं गोदाम एकेक करून शांत होत गेलं. बाहेरून कुणीतरी ओरडून सांगितलं, टाकीची गळती थांबली. आण्णांनी मान डोलावली. तिला वाटत होतं, कड संपूच नये.

पट्टी हिरव्या ठिगळापाशी आली. तिने वळवून पाहिली. पट्टीला घड्या पडल्या, ती उभी राहिली, वळेना. तिने हे आण्णांना दिसेल असं करून दाखवलं. आण्णांना ते आधीच माहीत होतं. त्यांनी तात्यांकडून कात्री घेतली आणि तिच्यापुढे धरली.

"आधी ही जीभ. मग वढ्याचं पोट. खान शेवटाला बघू."

प्रणोतीने कात्री घेतली नाही. तिने गळ्यातली ओढणी काढली. सुती होती, पिवळी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी घेतलेली.

"आण्णा, यातून उरेप पट्टी निघते. अख्ख्या गावाला नाही पुरणार, पण आत्तीच्या तिन्ही बाजूंना पुरेल. ओढ्यालाही कदाचित. बाकीच्या बाया आपापली लुगडी देतील, मी मागून आणते. तुमची सरळ पट्टी सरळ कडेला राहू द्या. मी तिला हात लावत नाही."

आण्णांनी ओढणीचा पदर बोटांत धरून पाहिला. त्यांनी खरोखर विचार केला, हे तिलाही दिसलं. त्यांनी तो तात्यांना दाखवला. तात्यांनी उजेडाकडे धरला.

"रंग जुळत न्हाई," तात्या म्हणाले.

"रंग?"

"गोट पांढरा आसतोय."

खिडकीतून कुणीतरी म्हणालं, "खरं हाय, पांढराच आसतोय." दुसऱ्या कुणीतरी त्याला अनुमोदन दिलं.

"काप गं पोरी," उंबऱ्याजवळून आत्ती म्हणाली. तिच्या डाव्या बाहीच्या कडेचे धागे सुटू लागले होते आणि ते ती सवयीने बोटांवर गुंडाळत होती. "मला सकाळधरनं बसून पाठीत कळ आलीया. एकदाचं व्हऊन जाऊ दे. त्या बिचाऱ्या शाळंतल्या पोरांचं तरी नीट ऱ्हाईल."

"आत्ती, तू बोलू नकोस."

"मी न्हाई तर कोन बोलंल? माझंच हाय न्हवं ते ठिगळ?"

प्रणोतीने आबांकडे पाहिलं. आबांनी मान खाली घातली होती आणि त्यांचे ओठ हलत होते, पण ते काय म्हणत होते ते त्यांनाही ऐकू गेलं नसावं.

तिने सुईतला दोरा दाताने तोडला. सुई काढून वाकळेला टोचून ठेवली.

"मी कापणार नाही," ती म्हणाली.

आण्णांना राग आला नाही. ते एखाद्या अर्जातली चूक दाखवावी तसं म्हणाले, "पहिला टाका तू घातलायस. दुसऱ्या कुनाला शेवटाला न्हेता येत न्हाई."

"मला माहीत आहे. म्हणूनच आधी घातला."

"मग काठ पुरा हुनार न्हाई."

"नाही."

"गाव उसवंल."

"उसवेल."

"तुझी आत्तीबी ऱ्हानार न्हाई. कापली आसती तर एका दमात गेली आसती. आता सुतासुतानं जाईल."

प्रणोतीने उंबऱ्याकडे बघितलं. आत्तीचा हात कोपरापर्यंत विरळ झाला होता, पलीकडची चप्पल त्यातून दिसत होती. "येडी हायस," आत्ती पुटपुटली आणि पोरीकडे बघत राहिली.

"हो," प्रणोती म्हणाली. तिने आण्णांकडे तोंड वळवलं आणि पुन्हा म्हटलं. "हो."

"तुझं घर. तुझी आई."

"हो."

"ह्यो तुझा बाप बसलाय हितं."

तिने आबांकडे बघून मान हलवली.

"आन आमी," आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदा जरा घसरला. "आमी तर मधी हाय. आमच्यापतोर याया लई वेळ लागंल, पर येईल."

"येईल," प्रणोती म्हणाली. ती भिंतीला पाठ लावून, हिरव्या ठिगळाच्या खाली, जमिनीवर बसली. ओढणी तिने समोर पसरून ठेवली आणि कात्री तिच्या शेजारी. "कुणीतरी एकाने हो म्हणा. मी आत्ता उठते आणि पट्टी कापते. तिघांपैकी कुणीही म्हणा. ठराव नको, सही नको."

खिडक्यांशी उभी असलेली माणसं समितीकडे बघू लागली. हौसाक्कांनीही मान त्या दिशेला वळवली. आण्णा काहीतरी बोलायला पुढे झुकले आणि पुन्हा मागे टेकले. तात्यांनी घसा साफ केला, मग धोतराचा सोगा नीट केला. आबांनी डोळे वर उचलले, ओढणीकडे पाहिलं, आपल्या बहिणीकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खाली वळवले.

बाहेर ओढ्याकडून शेवाळ्यांच्या बायकोने कुणाला तरी हाक मारली. हाक अर्ध्यावर सुटली आणि पुढचा भाग आला नाही. हॉलमध्ये सरसर ऐकू येत होती. तिघे वडीलधारे गादीवर ओळीने बसले होते, हात मांडीवर ठेवून, आणि तिघांपैकी कुणीही हो म्हणत नव्हतं.